डीफेनेस्ट्रेशन: एका खिडकीपायी घडलेला शब्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहिता-बोलताना मला सगळ्यात जास्त प्रश्न या एका शब्दावर येतात. कोणी शब्दकोड्यात अडकलेलं असतं, कोणाच्या मुलीला स्पेलिंगच्या स्पर्धेत हा शब्द आलेला असतो, कोणी नुकतंच प्राग बघून परतलेलं असतं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

या शब्दाचा नेमका अर्थ काय?

एखाद्या माणसाला किंवा वस्तूला खिडकीतून बाहेर फेकणं. गच्चीवरून नाही, कड्यावरून नाही, दारातून तर नाहीच. खिडकीतूनच. पहिल्यांदा ऐकणारा हमखास हसतो आणि विचारतो, यासाठी वेगळा शब्द लागतो? एके दिवशी लागला. ती हकिगत खाली येतेच.

उच्चार कसा करायचा?

डी-फे-नि-स्ट्रे-शन. पाच तुकडे, जोर चौथ्यावर. घाईत बोललात तर ऐकणाऱ्याला 'डीफॉरेस्टेशन' ऐकू येतं आणि गप्पा जंगलतोडीवर जातात. माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

लॅटिनमधून फोड करून सांगाल का?

तीन भाग आहेत: 'दे', 'फेनेस्ट्रा' आणि शेवटचा '-आतिओ'.

'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. '-आतिओ' हा क्रियेचं नाम करणारा प्रत्यय. इंग्रजीतले 'एशन'वर संपणारे शेकडो शब्द याच घराण्यातले. त्यातल्या 'ति'चं नातं थेट संस्कृतमधल्या 'गति', 'मति', 'स्मृति' यांच्या शेवटी येणाऱ्या 'ति'शी आहे. म्हणजे परका वाटणारा हा शब्द शेपटीकडून आपला दूरचा भाऊबंद निघतो.

खरी गंमत पहिल्या तुकड्यात आहे. 'बाहेर' म्हणायला लॅटिनमध्ये 'एक्स' होतं. शब्द घडवणाऱ्याने ते न घेता 'दे' घेतलं. 'दे' म्हणजे 'पासून', आणि त्यातही 'वरून खाली'. 'एक्स' लावला असता तर माणूस नुसता बाहेर गेला असता. 'दे' लावल्यावर तो खाली जातो. खाली फेकणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद 'देइकेरे' याच 'दे'ने सुरू होतं. त्याच्यापासून इंग्रजीला 'डिजेक्टेड' मिळाला. आज त्याचा अर्थ 'खचलेला', मुळात 'खाली फेकलेला'.

म्हणजे प्राचीन रोमन लोक हा शब्द वापरत होते?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. सामान लॅटिन आहे, पण वस्तू रोममध्ये बनलेली नाही. सिसेरोच्या किंवा व्हर्जिलच्या लिखाणात हा शब्द शोधून सापडणार नाही. रोमन साम्राज्य बुडाल्यावरही हजारएक वर्षं युरोपातले पंडित, वकील आणि पाद्री लॅटिनमध्ये लिहीत राहिले आणि गरज पडेल तसे नवे शब्द पाडत राहिले. त्यातल्या प्रबोधनकाळापासूनच्या लॅटिनला नवलॅटिन म्हणतात. आपल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. 'संगणक' हा शब्द संस्कृतच्या कारखान्यातला आहे, पण पाणिनीच्या कानावर तो कधी पडला नव्हता.

शब्द नव्हता, तरी खिडकीतून काहीबाही येऊन पडणं रोमला चांगलंच ठाऊक होतं. शहरात पाच-पाच, सहा-सहा मजली भाड्याच्या इमारती होत्या, गल्ल्या अरुंद होत्या आणि रात्री दिवे नव्हते. उपहासकवी ज्युव्हेनल लिहितो की मृत्युपत्र न करता रात्री जेवायला बाहेर पडणारा माणूस बेफिकीरच म्हणायचा. वाटेत जितक्या उघड्या खिडक्या, तितकी मरणं टपलेली. वरून फुटकी भांडी येतात. नुसतं घाण पाणी अंगावर आलं तर नशीब समजा.

यावर रोमन कायद्यात स्वतंत्र तरतूद होती. वरून फेकलेल्या किंवा ओतलेल्या वस्तूने नुकसान झालं तर त्या घरात राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यायची. नेमकं कोणी फेकलं हे सिद्ध करायची गरज नव्हती. घर तुमचं, तर जबाबदारी तुमची. स्वतंत्र नागरिक मेला तर दंड ५० सुवर्णमुद्रा. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'खिडकीतून कचरा व नारळाच्या शेंड्या टाकू नयेत' ही सूचना वर्षानुवर्षं लटकते आहे, आणि 'पण टाकलं कोणी ते सांगा' या एका वाक्यावर प्रत्येक सभा संपते. ती सूचना वाचताना मला दर वेळी हा रोमन कायदा आठवतो.

मग शब्द जन्मला कुठे?

प्रागमध्ये. तारीखही सांगता येते: २३ मे १६१८.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. आजच्या चेक प्रजासत्ताकातला बोहेमिया हा प्रांत तेव्हा हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात होता. राजघराणं कॅथलिक, स्थानिक सरदारांपैकी बरेचसे प्रोटेस्टंट. १६०९ मध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्याची लेखी सनद दिली होती. पुढे ब्रोउमोव्ह इथलं त्यांचं एक चर्च बंद करण्यात आलं, ह्रोब इथलं पाडलं गेलं. सनद धाब्यावर बसवली जाते आहे, हे सरदारांना दिसत होतं. त्यात पुढचा राजा म्हणून फर्डिनांडची निवड झाली, आणि तो कट्टर कॅथलिक.

त्या दिवशी प्रोटेस्टंट सरदारांचा पुढारी काउंट थुर्न आणि त्याचे साथीदार प्रागच्या किल्ल्यातल्या कचेरीत घुसले. सम्राट (रुडॉल्फनंतर आलेला माथियास) व्हिएन्नात; कारभार त्याचे प्रतिनिधी बघायचे. चौघं हजर होते. सम्राटाकडून आलेल्या धमकीच्या पत्रामागे तुम्ही आहात का, अशी उलटतपासणी सुरू झाली. दोघांचा दोष नाही असं ठरवून त्यांना बाहेर सोडलं. उरलेल्या दोघांना, म्हणजे यारोस्लाव मार्टिनिट्स आणि विल्हेल्म स्लावाटा यांना, उचलून खिडकीकडे नेलं.

मार्टिनिट्स आधी गेला. स्लावाटाने चौकट धरून ठेवली, तेव्हा कोणीतरी खंजिराच्या मुठीने त्याच्या बोटांवर मारलं आणि पकड सुटली. त्यांच्यामागून फिलिप फाब्रिसियस नावाच्या चिटणिसालाही ढकललं. त्याचा गुन्हा एवढाच की तो कचेरीत कामावर हजर होता. कोणत्याही राड्यात कारकून सापडतोच.

सरदारांनी केवळ रागाच्या भरात हे केलं असं मला वाटत नाही. प्रागमध्ये या कृतीला इतिहास होता (खालचा प्रश्न बघा). खिडकी निवडण्यामागे जुन्या बंडाची आठवण जागी करायचा हेतू होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात.

बातमी युरोपभर पसरली. तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांना प्रत्येक वेळी 'सम्राटाच्या प्रतिनिधींना खिडकीतून खाली फेकण्याची घटना' असं लांबलचक लिहिण्याऐवजी एक शब्द हवा होता. लॅटिन हाताशी होतीच. १६२० च्या आसपास तो इंग्रजीतही आला. बराच काळ त्याचा उपयोग जवळपास याच एका घटनेपुरता होता.

ते तिघं मेले?

एकही नाही. उंची सुमारे २१ मीटर, म्हणजे आजच्या सात मजल्यांच्या आसपास, आणि तिघंही वाचले.

कसे वाचले यावर लगेच दोन पक्ष पडले. कॅथलिक म्हणाले, पडताना मार्टिनिट्सने मेरीमातेचा धावा केला आणि तिने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, कसली मेरीमाता, खाली उकिरडा होता, शेणाच्या ढिगात पडले. शेणाची गोष्ट जास्त रंगतदार असल्यामुळे तीच आज सगळीकडे सांगितली जाते. पण घटनेच्या अगदी जवळच्या वर्णनांत हा ढीग नाही. तो नंतरच्या पत्रकांतून आला, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. भिंतीचा उतार, खंदकातली मऊ माती आणि अंगावरचे जाड झगे यांनी मार कमी झाला असावा. मला हेच पटतं. खिडकी लहान होती, त्यामुळे त्यांना दूर भिरकावता आलं नसणार. ते भिंतीला घासत गेले असतील.

मार्टिनिट्स बव्हेरियात पळाला. जखमी स्लावाटाला शेजारच्याच वाड्यात पोलिक्सेना लोबकोविट्स या सरदारणीने आसरा दिला. फाब्रिसियस थेट व्हिएन्नाला जाऊन सम्राटाच्या कानावर सगळं घालून आला. पुढे त्याला सरदारकी मिळाली आणि सोबत 'फॉन होहेनफाल' हे बिरुद. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'उंचावरून पडलेला'! दरबारात कोणाला तरी विनोदबुद्धी होती.

पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध झालं म्हणतात. तिघं जिवंत राहिले तरी?

हो. फेकलेली माणसं जगली, पण कृती सम्राटाच्या अधिकाराविरुद्ध होती. बंड पेटलं. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बोहेमियाचं सैन्य दोनएक तासांत मोडलं. २१ जून १६२१ रोजी जुन्या शहराच्या चौकात २७ बंडखोर पुढाऱ्यांना ठार करण्यात आलं. युद्ध मात्र तिथे थांबलं नाही. डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स एकेक करून उतरत गेले आणि १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापर्यंत जर्मन मुलूख उजाड झाला. खिडकीमुळेच युद्ध झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. दारू आधीच ठासलेली होती.

प्रागमध्ये असं एकदाच झालं का?

नाही. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्स्की हा हुसपंथी (चेक धर्मसुधारक यान हुसचा अनुयायी) धर्मोपदेशक मिरवणूक घेऊन नव्या शहराच्या नगरसभेवर गेला. मागणी होती, आमच्या पंथाचे कैदी सोडा. वरच्या खिडकीतून कोणीतरी दगड मारला, जमाव आत घुसला आणि नगरसेवकांना खिडक्यांतून खाली फेकलं. खाली भाले रोखून लोक उभे होते. इथे कोणी वाचलं नाही. थोड्याच दिवसांत राजा चौथा व्हेन्सेस्लास वारला आणि हुसपंथीयांची युद्धं सुरू झाली.

१४८३ मध्येही प्रागच्या दंगलीत असाच प्रकार झाला, पण तो सगळेच मोजत नाहीत. म्हणून १६१८ च्या घटनेला कोणी दुसरं डीफेनेस्ट्रेशन म्हणतं, कोणी तिसरं. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोंधळू नका.

१० मार्च १९४८ ला परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह प्रागच्या चेर्निन महालाच्या अंगणात, त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली सापडला. कम्युनिस्टांनी सत्ता घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. आत्महत्या की खून, यावर पुन्हा पुन्हा चौकश्या झाल्या. काही जण यालाही त्याच मालिकेत धरतात.

'फेनेस्ट्रा' हा शब्द लॅटिनमध्ये कुठून आला? आणि इंग्रजीत खिडकीला 'विंडो' का?

'फेनेस्ट्रा'चं मूळ नक्की ठरलेलं नाही. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांकडून तो आला असावा, असा एक अंदाज आहे. मूळ अंधारात असलं तरी वंशविस्तार मोठा: जर्मन 'फेन्स्टर', डच 'फेन्स्टर', फ्रेंच 'फनेत्र', इटालियन 'फिनेस्त्रा', स्वीडिश 'फोन्स्टर'.

इंग्रजीतही मध्ययुगात 'फेनेस्टर' होता. तो मागे पडला आणि 'विंडो' टिकला. तो लॅटिन नाही. इंग्लंडवर आलेल्या उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा शब्द होता 'विंदाउगा': 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. आता संस्कृतकडे वळा. खिडकीला तिथे 'वातायन' आहे, वाऱ्याची वाट. आणि 'गवाक्ष' आहे, बैलाचा डोळा. एका शब्दात वारा, दुसऱ्यात डोळा! शिवाय 'वात' आणि 'विंड' हे एकाच मुळातून फुटलेले, 'अक्ष' आणि 'आय'ही तसेच. स्पॅनिश 'व्हेन्ताना'तही लॅटिनचा वाराच आहे. घराला भोक पाडल्यावर माणसाला दोनच गोष्टी सुचतात, असं दिसतं.

तिसरीही सुचते: लहान दार. पोर्तुगीजांनी खिडकीला 'जनेला' म्हटलं. ते लॅटिन 'यानुआ'चं, म्हणजे दाराचं, लाडकं रूप. गोव्यात कोंकणीत आजही खिडकी म्हणजे 'जनेल'. बंगालीतलं 'जानाला' आणि तमिळमधलं 'जन्नल' हेही पोर्तुगीजांचंच देणं. दाराचा रोमन देव यानुस याच घरातला, आणि वर्षाचं दार उघडणारा जानेवारीही. तेव्हा पणजीच्या जुन्या घरातली जनेल आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पहिलं पान यांचं रक्ताचं नातं आहे. आपली 'खिडकी'सुद्धा प्राकृतातल्या 'खडक्की'कडे जाते, आणि तिचा अर्थ लहान दार, आडदार असाच होता.

याला मराठीत प्रतिशब्द आहे का?

शब्दकोशातला तयार शब्द माझ्या पाहण्यात नाही. पण ज्या भाषेत 'कडेलोट' आहे तिने डीफेनेस्ट्रेशनला हसू नये. कड्यावरून लोटण्यासाठी आपण स्वतंत्र शब्द ठेवलाच ना? कारण सह्याद्रीत कडे होते आणि ती शिक्षा होती. रायगडावरच्या टकमक टोकावर उभं राहून पायाखालची दरी बघितली की त्या शब्दाचं वजन कळतं; गाईडही तिथे आवाज खाली आणून तीच गोष्ट सांगतो. रोममध्ये कॅपिटोलिन टेकडीचा तार्पेयन कडा होता. देशद्रोह्यांना तिथून लोटत. प्रागमध्ये सोयीची होती ती खिडकी. जिथे जी जागा, तिथे तिचा शब्द.

मी स्वतः लिहिताना 'खिडकीलोट' वापरतो. मित्र म्हणतात 'गवाक्षपात' जास्त भारदस्त. पण 'पात' म्हणजे पडणं. लोटणारे हात त्यात दिसत नाहीत. जर्मन भाषेची नेमकी हीच अडचण आहे. तिथे या घटनेला 'फेन्स्टरस्टुर्त्स' म्हणतात, म्हणजे खिडकीतून कोसळणं. कोणी कोसळवलं, ते शब्द सांगत नाही. चेक भाषेने मात्र लॅटिनचाच आधार घेतला: 'देफेनेस्त्रात्से'.

आणि बघा, 'संयमाचा कडेलोट झाला' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कडा नसतो. इंग्रजीतही पक्षाने नेत्याला झटकन पदावरून हटवलं की त्याला आता डीफेनेस्ट्रेशन म्हणतात. दोन्ही शब्द एकाच वाटेने सरावले.

अकबराने अधमखानाला फेकलं, ते डीफेनेस्ट्रेशन होतं का?

काटेकोरपणे नाही. १५६२ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात अकबराने आपल्या या दूधभावाला सज्जावरून खाली टाकायला लावलं. तो मेला नाही म्हणून वर आणून पुन्हा टाकलं. खिडकी नव्हती. बायबलच्या जुन्या करारातली ईजबेल राणी मात्र बसते या व्याख्येत. तिला तिच्याच सेवकांनी खिडकीतून खाली टाकलं.

डॉक्टर आणि आर्किटेक्ट 'फेनेस्ट्रेशन' म्हणतात, ते वेगळं का?

आर्किटेक्टच्या भाषेत इमारतीला खिडक्या कुठे, किती आणि कशा ठेवल्या, ती मांडणी म्हणजे फेनेस्ट्रेशन. 'दे' नाही, त्यामुळे कोणी पडत नाही.

शरीरशास्त्रात आतल्या कानाला दोन 'फेनेस्ट्रा' आहेत. त्यातल्या लंबगोल खिडकीवर रिकिबीच्या आकाराचं चिमुकलं हाड टेकलेलं असतं आणि आवाजाची थरथर तिथून आत जाते. हे वाक्य तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकलंत तर ते एका लॅटिन खिडकीतूनच आत आलेलं असेल. बाल्कनीत मॉन्स्टेरा लावणाऱ्यांनाही शब्द ओळखीचा आहे: पानांना पडणाऱ्या त्या मोठ्या भोकांना फेनेस्ट्रेशनच म्हणतात.

क्रियापद आहे का? 'डीफेनेस्ट्रेट' बरोबर?

बरोबर. पण ते नामावरून मागाहून, फार उशिरा पाडलेलं आहे. संगणकवाल्यांनी त्यावर आपला विनोद चढवला: कॉम्प्युटरवरून विंडोज काढून दुसरी प्रणाली बसवली की त्यांच्या भाषेत तो डीफेनेस्ट्रेट झाला. लेखनात सांभाळून वापरा. खऱ्याखुऱ्या मृत्यूच्या बातमीत हा शब्द चमकदार दिसतो आणि म्हणूनच वाईट दिसतो.

प्रागला गेल्यावर ती खिडकी बघता येते का?

येते. जुन्या राजवाड्याच्या लुडविग भागात, तिकीट काढून. खोली अपेक्षेपेक्षा लहान आहे, खिडकीही. बघून झालं की तटाखालच्या बागेत उतरा. मार्टिनिट्स आणि स्लावाटा जिथे पडले तिथे वालुकाश्माचे दोन स्तंभ उभे आहेत. पडले तिघं, स्तंभ दोन. चिटणीस फाब्रिसियससाठी दगड नाही.